मिक्सर ठाण्यातच ठेवा: सान होसेला स्पॅनिश शिकायला निघालेल्या सेवक कुटुंबांसाठी

दर दोन-तीन महिन्यांनी ठाण्यात कोलबाडच्या आमच्या घरी, मिशनरी सेवेला परदेशी निघालेलं एखादं तरुण जोडपं येतं. रविवारची उपासना आटोपून, जेवायच्या वेळेला. नवरा थोडा अवघडलेला, बायकोच्या हातात फाइल. "ताई, आमचं पाचारण लॅटिन अमेरिकेत आहे. आधी वर्षभर भाषाशाळा, मग पुढची नेमणूक. व्हिसाचं कसं केलंत तुम्ही?" व्हिसाचं मी सांगतेच, पण आधी म्हणते, मिक्सर नेऊ नका. आपला मिक्सर २३० व्होल्टचा. कोस्टा रिकात वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, आणि पिना चपट्या. आमचा तीन भांड्यांचा मिक्सर वर्षभर कपाटावर बसून होता. बॅगेतले ते पाच किलो मसाल्यांना आणि मुलांच्या मराठी पुस्तकांना दिले असते तर बरं झालं असतं.

आम्ही दोघं आणि दोन मुलं असे स्पॅनिश शिकायला वर्षभर कोस्टा रिकाच्या राजधानीत, सान होसेत होतो. प्रत्येक जोडप्याला जे तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे.

गाव कुठलं

मिशनरी भाषा शिकायला जातात अशी तीन गावं तुमच्या कानावर येतील. ग्वाटेमालातल्या अँटिग्वाला एका विद्यार्थ्यामागे एक शिक्षक अशी पद्धत आहे आणि राहायचं स्थानिक कुटुंबात. एकटा माणूस असेल, सहा-आठ आठवड्यांत तोंड उघडायचं असेल, तर यासारखी दुसरी जागा नाही. बोलिव्हियातलं कोचाबांबा अडीच हजार मीटरच्या वर आहे. पुढे अँडीजमधल्या क्वेचुआ भाषिकांत काम करायचं असेल तर तिथेच जावं, पण पहिले काही दिवस जिना चढताना धाप लागते. मुलंबाळं घेऊन जाणाऱ्यांना मी सान होसे सांगते. हवा छान. उंची साधारण ११५० मीटर, म्हणजे माथेरानहून वर आणि महाबळेश्वरच्या थोडं खाली. नळाचं पाणी पिता येतं. आणि १९४८ पासून त्या देशाला सैन्यच नाही, हे ऐकल्यावर आमच्या सासूबाईंचा अर्धा विरोध मावळला होता.

कागद

इथे घाई करू नका, पण सुरुवात आजच करा. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पदवीची प्रमाणपत्रं आणि पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, म्हणजे पीसीसी, असा हा गठ्ठा असतो. बहुतेकांची आधी राज्य पातळीवर पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा शिक्का. आपल्या लोकांचं गाडं अडतं ते लग्नाच्या दाखल्यावर. आपल्याकडे चर्चच्या नोंदवहीतून दिलेला, पाळकांच्या सहीचा दाखला असतो आणि तो आपल्याला पुरेसा वाटतो. आमच्या एजंटने तोच पुढे पाठवला, तो परत आला आणि दोन महिने गेले. महापालिकेच्या विवाह नोंदणी कार्यालयाचा दाखला आधीच काढून ठेवा. मुलांच्या जन्मदाखल्यावर नाव घातलेलं आहे ना, इंग्रजीतही आहे ना, तेही बघा. नाव न घातलेले दाखले अजून कितीतरी घरांत निघतात.

पीसीसी सगळ्यात शेवटी. तिची वेळ वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात सहज मिळते, पण त्या कागदाचं आयुष्य थोडं. बाकी सगळं जमायच्या आत ती शिळी होते.

आता नावाचं. कोस्टा रिकात माणसाला दोन आडनावं असतात, पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं, आणि लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं. त्यामुळे कारकून तुमच्याकडे पाहतो, फॉर्मकडे पाहतो आणि नवऱ्याचं नाव आडनावाच्या रकान्यात टाकतो. माझ्या नवऱ्याचं नाव तिथल्या एका कागदावर माझ्या आईच्या घराण्याचं नाव होऊन बसलं होतं. पासपोर्टवर जे छापलंय तेच, त्याच क्रमाने, सगळीकडे लिहायचं, आणि पहिल्याच दिवशी विचारायचं की दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामा ठेवला तर चालेल का.

व्हिसाला आडवाटा शोधू नका. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की कोस्टा रिकात पर्यटक म्हणून शिरायला सवलत मिळते, असं कोणी ना कोणी सांगेलच. पण पर्यटक म्हणून शिरून वर्षभर शाळा शिकणं म्हणजे पहिल्याच पावलाला खोटं बोलणं. तिथे धार्मिक सेवकांसाठी तात्पुरत्या रहिवासाचा वेगळा वर्ग आहे. त्यासाठी तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेचं निमंत्रण लागतं. दिल्लीतल्या कोस्टा रिकाच्या दूतावासाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. कागदांचं स्पॅनिश भाषांतर तिथल्या अधिकृत भाषांतरकाराकडून करून घेतलेलं बरं. विमान अमेरिकेमार्गे असेल तर नुसतं बदलायलाही तिथला व्हिसा लागतो, तेव्हा स्वस्त तिकीट दिसलं म्हणून उडी मारू नका.

पैशांबद्दल एकच सांगते. मंडळी, म्हणजे आपल्या चर्चची माणसं, म्हणतील, "आपला चर्चचा ट्रस्ट दरमहा पाठवेल की." धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर खर्च केलेल्या पैशाला आयकराची सूट सहसा मिळत नाही, त्यासाठी आधी मंजुरी लागते. त्यामुळे कमिटीत हात वर झाले तरी सीएंना विचारल्याशिवाय त्या आश्वासनावर घरभाडं ठरवू नका. आमच्या ओळखीची बहुतेक कुटुंबं नातेवाइकांनी आणि मित्रांनी आपापल्या खात्यातून रीतसर पाठवलेल्या पैशांवर आणि निमंत्रण देणाऱ्या संस्थेच्या मदतीवर राहिली.

ठाण्यात असतानाच

निघायच्या आधी शंभर तास तरी स्पॅनिश कानावर पडलं पाहिजे. ठाण्याहून सीएसएमटीला स्लो लोकलने तास लागतो, जाऊन-येऊन दोन. माझ्या नवऱ्याने त्यात बायबलमधलं मार्काचं शुभवर्तमान ऐकलं, रोज एक अध्याय. आधी मराठीत वाचायचं, मग स्पॅनिशमध्ये ऐकायचं. गोष्ट पाठ असल्यामुळे शब्द आपोआप उलगडतात. मार्कच का, तर वाक्यं छोटी आणि सारखी धावपळ. पौलाच्या पत्रांना हात लावू नका, पौल मराठीतसुद्धा वाक्य संपवत नाही.

आणि दुसरं, इंग्रजीच्या खांद्यावर चढून स्पॅनिश शिकू नका. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे. आपण इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकातून शिकतो आणि इंग्रजांना जे जड जातं ते आपल्यालाही जड जायलाच हवं असं धरून चालतो. सान होसेच्या भाषाशाळेत माझ्या वर्गात सगळे अमेरिकन होते. "मे गुस्ता एल काफे" या वाक्यावर त्यांचा आठवडा गेला. कर्ता कुठे, कर्म कुठे, कॉफी कशी काय कर्ता झाली! मी फळ्याकडे बघत बसले होते. "मला कॉफी आवडते." मला म्हणजे मे, आवडते म्हणजे गुस्ता. याला व्याकरण कशाला हवं? "मे दुएले ला काबेसा", माझं डोकं दुखतं, तेही त्याच चालीचं.

मग मी वहीत उजव्या बाजूला इंग्रजी लिहिणं सोडलं आणि मराठी लिहायला लागले. भूतकाळाचे दोन प्रकार आहेत, अमेरिकन त्यावर रडकुंडीला येतात. "आयेर कोमी मांगो" म्हणजे काल आंबा खाल्ला. "कोमिआ मांगो" म्हणजे आंबे खायचो, लहानपणी, मामाकडे गेलं की. खाल्ला आणि खायचो यातला फरक कुठल्या मराठी पोराला शिकवावा लागतो? त्याहून भीतीची गोष्ट म्हणजे इच्छा, शंका, आशा यांच्यासाठीचं क्रियापदाचं वेगळं रूप. "किएरो के बेंगा", तुम्ही यावं असं मला वाटतं. येता नव्हे, यावं. हे "यावं" आपल्या जिभेवर आधीच आहे. प्रभूच्या प्रार्थनेत "तुझे नाव पवित्र मानले जावो" म्हणताना आपण असंच इच्छेचं रूप वापरत असतो, आणि स्पॅनिश प्रार्थनेतही त्याच जागी ते वेगळं रूप येतं, "सान्तिफिकादो सेआ तू नोम्ब्रे".

उच्चारांतही आपण नशीबवान. त आणि द दातांवरचे, आपल्यासारखेच. फक्त इंग्रजी शब्दांची सवय सोडायची. टोमॅटो नाही, तोमाते. कोस्टा रिकाही खरं तर कोस्ता रिका. क, प, त यांत हकार नाही. स्वर पाचच आणि स्वच्छ, त्यामुळे शब्द देवनागरीत लिहून ठेवले की उच्चार चुकत नाही. ब आणि व यांत फरक करायचा नाही, हे मात्र जड जातं. पेरो म्हणजे पण, पेर्रो म्हणजे कुत्रा, म्हणून र कुठे एकेरी आणि कुठे घोळवायचा हे नीट ऐका. आणि आपल्याकडे पोर्तुगीज जे शब्द टाकून गेले त्यांची भावंडं तिथे भेटतात. बादलीला बाल्दे, मेस्त्रीला माएस्त्रो, आणि पगार म्हणजे पैसे देणे. पाद्री तर घरचाच, पाद्रे.

जिथे मराठी हात देत नाही ती जागा एकच, पण खड्डा मोठा. आपल्याला "आहे" एक पुरतं. त्यांना दोन लागतात, सेर आणि एस्तार. स्वभावाने असणं वेगळं आणि सध्या असणं वेगळं. पहिल्या महिन्यात मी आम्हाला शिकवणाऱ्या बाईंना काळजीने विचारलं, "उस्तेद एस आबुर्रिदा?" मला म्हणायचं होतं, कंटाळलात का. मी विचारलं होतं, तुम्ही कंटाळवाण्या आहात का. बाई हसल्या. प्रवचनात मंडळीला असं विचारलं असतं तर कोण हसलं असतं माहीत नाही.

पहिले पंधरा दिवस

पत्ता सांगायची त्यांची तऱ्हा बघून आमचे हे म्हणाले, अरे हे तर ठाणंच. घरांना नंबर असले तरी कोणी वापरत नाही. "चर्चपासून २०० मीटर उत्तरेला, ५० मीटर पूर्वेला, हिरवं फाटक." शंभर मीटर म्हणजे एक चौक, मोजायला जाऊ नका. सान पेद्रो भागात एका जुन्या उंबराच्या जातीच्या झाडावरून पत्ते सांगतात आणि ते झाड आता राहिलेलंच नाही. तीन हात नाक्यावर हात शोधत न फिरलेल्या माणसाला यात काही विशेष वाटू नये. फक्त दिशा शिकून घ्या. आपण डावं-उजवं सांगतो, ते उत्तर-दक्षिण सांगतात.

दारावर बेल नसेल तर फाटकाशी उभं राहून "उपे!" अशी हाक मारायची. दुकानात "द्या" ऐवजी "रेगालेमे" म्हणतात, शब्दशः भेट द्या. गांगरू नका, पैसे द्यायचेच असतात. बायका भेटल्या की गालाला गाल लावतात, पुरुषही बायकांना तसंच करतात. मी पहिल्या रविवारी हात जोडून मागे सरकले, तर समोरच्या आजोबांनाच वाईट वाटलं. दोन आठवड्यांत सवय होते.

तुम्हाला लोक "इन्दू" म्हणतील. तिथे तो शब्द सर्रास भारतीय माणसासाठी वापरतात, धर्माचा संबंध नाही. ठाण्यात नाव ऐकून "तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी कसं बोलता?" असं विचारणारे भेटतात. तिथे मंडळीत साक्ष देताना, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगताना, माझ्या नवऱ्याची "आमचे हे इन्दू बंधू" अशी ओळख झाली. "सोय दे ला इन्दिआ", मी भारतातला, एवढं म्हणावं. "इन्दिओ" मात्र स्वतःला किंवा कोणालाच म्हणू नका, तो तिथल्या आदिवासींसाठीचा शब्द आहे आणि बरेचदा टोचून वापरला जातो.

स्वयंपाकाचं फार अडत नाही. सकाळी गायो पिंतो, म्हणजे भात आणि काळ्या घेवड्याचे दाणे एकत्र परतलेले. मक्याची तोर्तिया ही आपल्या भाकरीची धाकटी बहीण. शनिवार-रविवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो, फेरिआ म्हणतात, भाजी तिथेच घ्या. मसूर मिळतो, कोथिंबीर मिळते, केळी तर विचारूच नका. तूरडाळ, गोडा मसाला, हिंग आणि आमसुलं घरून. प्रेशर कुकर न्या, सपाट बुडाचा, कारण शेगडी बहुधा विजेची असते.

मे ते नोव्हेंबर पाऊस. पण आपल्यासारखा दिवसदिवस नाही. सकाळी लख्ख ऊन आणि जेवणं झाली की धो धो. कपडे सकाळीच वाळवा. भूकंपाचे धक्के बसतात, शाळेत काय करायचं ते शिकवतात, लक्ष देऊन ऐका. आणि संडासात कागद टाकू नका, बाजूच्या डब्यात टाका. हे कोणी मुद्दाम सांगत नाही आणि मग प्लंबर बोलवावा लागतो.

रहिवासाचं कार्ड हातात आलं की बँकेत खातं उघडा आणि सिन्पे मोव्हिल सुरू करून घ्या. आपल्या यूपीआयसारखं, फोन नंबरवर पैसे. भाजीवालाही घेतो. पासपोर्ट हरवला किंवा तसलंच काही झालं तर कोस्टा रिकाचं काम आपला पनामातला दूतावास पाहतो. तो नंबर कागदावर लिहून ठेवा, फोनमध्ये नको, कारण बरेचदा फोनही त्याच पिशवीत असतो.

शाळेतलं वर्ष

स्पॅनिश धड बोलता यायला अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांसाठी ६०० ते ७५० तास धरतं. तेही नुसता वर्गातला वेळ. म्हणजे वर्ष लागणारच. आणि या वर्षात सेवकाला एक खाज सुटते. आपण सेवेसाठी आलो आणि बाकावर बसून क्रियापदं घोकतोय, घरी पत्रात काय लिहायचं? मग तिसऱ्या महिन्यातच कुठेतरी इंग्रजी बायबल अभ्यास सुरू होतो, चार इंग्रजी बोलणारे जमतात आणि स्पॅनिश तिथेच थांबतं. मी हे होताना पाहिलंय, आणि अर्धवट आमच्या घरातही झालंय.

आपल्याकडे आलेल्यांनी काय केलं ते आठवा. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले ते आधी मराठीचे विद्यार्थी झाले. त्याच्याही पाचशे वर्षं आधी, १३२१ मध्ये, आपल्या ठाण्यात फ्रान्सिस्कन या कॅथलिक पंथाचे जे चार साधू मारले गेले, त्यांतला तिफ्लिसचा देमेत्रिउस हा दुभाष्या होता. त्या काळीही भाषा येणारा माणूस सोबत घेतल्याशिवाय ते निघाले नव्हते. घरच्या पत्रात सरळ लिहा की या वर्षी आम्ही शिकतोय. आम्ही शेवटी तसंच लिहिलं, आणि मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने उलट टपाली विचारलं, "पाठांतर झालं का?"

"तू" आणि "तुम्ही" यांचा घोळ इथेच सांगते. पुस्तकात तू आणि उस्तेद शिकवतात. कोस्टा रिकात सगळ्यांना उस्तेद. आई लेकराला उस्तेद म्हणते, लोक कुत्र्यालाही उस्तेद म्हणतात. मित्रांमध्ये वोस चालतं. मग "तू" कुठे उरतं? प्रार्थनेत आणि बायबलमध्ये. आणि मजा म्हणजे शब्दही तोच, तू म्हणजे तूच. मराठीतही देवाला आपण कधी तुम्ही म्हणत नाही. पहिल्यांदा स्पॅनिशमध्ये मोठ्याने प्रार्थना केली तेव्हा बाकी सगळं अडखळत होतं, तो एक शब्द तेवढा घरचा वाटला.

तिथल्या इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंट, मंडळ्यांत रेना-वालेरा या स्पॅनिश बायबलची १९६० ची आवृत्ती चालते. तीच वापरा. मात्र त्यातलं "वोसोत्रोस" हे अनेकवचन लॅटिन अमेरिकेत कोणी बोलत नाही. बायबलमधून बोली शिकायला गेलात तर बाजारात ज्ञानेश्वरीतलं मराठी बोलल्यासारखं होईल.

राज्यघटनेप्रमाणे तो देश कॅथलिक आहे. "तुम्ही कॅथलिक की ख्रिस्ती?" असा प्रश्न विचारतात, तिथे दुसऱ्या शब्दाचा अर्थ प्रोटेस्टंट एवढाच होतो. या प्रश्नाला ताठ उत्तर देऊ नका. तुम्हाला बोलायला शिकवणारी पहिली माणसं शेजारच्या कॅथलिक आजीच असतात. माझं निम्मं स्पॅनिश एका अशाच आजींच्या स्वयंपाकघरात झालं.

मुलांचं

मुलं तुमच्या आधी बोलायला लागतील. पहिले तीन महिने गप्प, मग एकदम धबधबा. गप्प असताना घाबरू नका आणि घरात मराठीच बोला. मोडकं स्पॅनिश घरात आणून मुलांचं काही भलं होत नाही.

शाळेत जायच्या आधी मुलांना दोन शब्द सांगून ठेवा. "माला" म्हणजे वाईट बाई, त्यामुळे बसमध्ये "मला, मला!" असा दंगा झाला की माना वळतात. दुसरा शब्द त्याहून बिकट. आमच्याकडे नागपूरचे एक स्नेही पाहुणे आले होते. धाकटा शाळेच्या फाटकातून त्यांना बघून जोरात ओरडला, "काका! काका!" स्पॅनिशमध्ये काका म्हणजे लहान मुलांच्या भाषेतली शी. फाटकाशी सगळी पोरं हसत सुटली. पाहुण्यांना वाटलं, आपलं स्वागत किती छान होतंय. पुढचे आठ दिवस मुलं त्यांना अंकल म्हणत होती.

आजी-आजोबांशी बोलायची वेळ ठरवून टाका. फरक साडेअकरा तासांचा आहे. ठाण्यात रविवारी सकाळी साडेनऊला उपासना सुरू होते तेव्हा तिथे शनिवारी रात्रीचे दहा वाजलेले असतात. मोठ्यांना फोनवरून उपासनेला बसता येतं, मुलं झोपलेली असतात. त्यांच्यासाठी तिथली सकाळ सातची वेळ बरी, इथे संध्याकाळचे साडेसहा.

सुट्टीत फिरायला गेलात तर

पनामा शेजारीच आहे, बसनेही जाता येतं, आणि वर्षात एकदा तरी बेत ठरतो. पनामा, कोलंबिया, पेरू, बोलिव्हिया इथे जाऊन लगेच भारतात येणार असाल तर पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, लशीचं प्रमाणपत्र लागतं. नसेल तर विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस घेतल्यावर ते दहा दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. मुंबईत ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि आधी नाव नोंदवावं लागतं, म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी सगळ्या घराने घेऊन टाकावी. तान्हं बाळ असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, नऊ महिन्यांच्या आत देत नाहीत. प्रमाणपत्राची ती पिवळी पुस्तिका पासपोर्टच्याच पाकिटात ठेवा. आमची मसाल्यांच्या डब्यात सापडली होती.